समुद्राचा वास आणि मेघांचे बीज

कुंभकोणम् सोडून मयिलाडुदुरैच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात तिरुभुवनम् लागते. रेशमी साड्यांच्या मागांचा आवाज आणि कंपहरेश्वराच्या मंदिराचे उंच विमान, या दोन खुणांवरून गाव ओळखावे. केंद्र सरकारच्या नोकरीतील बदलीच्या चक्राने आम्हांस या बाजूस आणून सोडले आणि आमचे बिऱ्हाड या गावी पडले. एके काळी हा सारा मुलूख तंजावरच्या भोसल्यांच्या अमलाखाली होता. येथील विणकर घरात जी सौराष्ट्री भाषा बोलतात, तिच्यातही मराठीशी जुने नाते सांगणारे शब्द आहेत. त्यामुळे परक्या मुलखातही आम्हांस अगदीच परकेपणा वाटला नाही.

मंदिर तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने (राज्यकाल ११७८ ते १२१८) उभारलेले. त्रिभुवनवीर हे त्याचे बिरुद. गावाचे नाव त्यावरूनच आले. देवाचे नाव कंपहर, म्हणजे कापरे हरण करणारा. कंपाने ग्रासलेल्या एका राजाची व्यथा येथे दूर झाली, असे स्थलपुराण सांगते. याच मंदिरात शरभेश्वराचे प्रसिद्ध स्थान आहे. नरसिंहाचा क्रोध अनावर झाला तेव्हा त्याला शमविण्यासाठी शिवाने धारण केलेले हे रूप. एक शक्ती मर्यादा सोडू लागली की दुसरी शक्ती तिला आवरते, या कल्पनेला या गावी दगडात घर मिळाले आहे. प्रस्तुत लेखात या कल्पनेचे आम्हांस पुन्हा काम पडणार आहे, म्हणून तिचा येथे उल्लेख केला.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मातोश्री आमच्याकडे आल्या होत्या. त्या मूळच्या रत्नागिरीकडील. त्यांना समुद्र पाहावयाचा होता म्हणून मयिलाडुदुरैला बस बदलून आम्ही तरंगंबाडीस गेलो. १६२० पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कची वसाहत असलेले हे बंदर. त्यांचा किल्ला अद्याप किनाऱ्यावर उभा आहे. बसमधून उतरून आम्ही वाळूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच मातोश्री थबकल्या आणि म्हणाल्या, “अरे, हा वास तर आपल्याकडचाच!” बंगालचा उपसागर काय आणि अरबी समुद्र काय, किनारा बदलला तरी वास ओळखीचाच निघाला. पदवीसाठी आम्ही रसायनशास्त्र घेतले होते. त्या विद्येचा गंज झाडून या वासाचा माग काढू लागलो, तेव्हा ध्यानात आले की या वासाला एक इतिहास आहे आणि तो थेट आकाशातील मेघांपर्यंत व पृथ्वीच्या हवामानापर्यंत जाऊन पोहोचतो. तोच इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

त्याचा आरंभ एका न जुळणाऱ्या जमाखर्चापासून होतो. गंधक हे मूलद्रव्य प्रत्येक सजीवाला लागते. आपल्या केसांत, नखांत, अंड्याच्या बलकात ते आहेच. पावसाने ते जमिनीतून धुपते आणि नद्या ते समुद्रात नेऊन टाकतात. एका लिटर समुद्रजलात सुमारे पावणेतीन ग्रॅम सल्फेट असते ते याच व्यवहाराची युगानुयुगांची शिल्लक. परंतु खर्च इतका सतत चालू असता जमिनीला पुन्हा गंधक कोठून मिळते? खडकांची झीज, ज्वालामुखी आणि कारखान्यांचा धूर या साऱ्या रकमा मांडूनही बेरीज पुरी होईना. १९६० च्या सुमारास स्वीडनचे एरिक एरिक्सन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी गंधकाचे जागतिक ताळेबंद मांडले, तेव्हा समुद्राकडून वायुरूपाने काही गंधक परत येत असले पाहिजे असे मानणे भाग पडले. हा वायू कोणता? सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सर्वांच्या परिचयाचा; चिखलवट खाड्यांतून तो निघतोही. मग तूट त्याच्याच नावावर टाकण्यात आली. हिशेबी खात्यात काम केलेल्या वाचकांना हा प्रकार नवा नाही. रक्कम कोणाची हे कळत नाही, तोवर ती सस्पेन्स खात्यात टाकावयाची आणि वर्षअखेरीचा ताळा जुळवावयाचा! परंतु मोकळ्या समुद्राच्या पृष्ठजलात प्राणवायू विपुल असतो आणि तेथे हायड्रोजन सल्फाइड फार काळ टिकत नाही. खाते जुळले खरे, पण ज्याच्या नावे रक्कम लिहिली तो इसम त्या पत्त्यावर राहतच नव्हता.

गंमत अशी की खरा इसम दुसऱ्याच शाखेच्या दप्तरात नोंदलेला होता. १९३५ साली इंग्लंडमध्ये पॉल हास यांना पॉलिसायफोनिया नावाच्या तांबड्या समुद्रशैवलातून डायमेथिल सल्फाइड हा वायू बाहेर पडताना आढळला. १९४८ साली लीड्स येथील फ्रेडरिक चॅलेंजर आणि त्यांच्या सहकारी सिम्प्सन यांनी त्याच शैवलातून या वायूची जननी हुडकून काढली. तिचे लांबलचक नाव डायमेथिलसल्फोनियोप्रोपियोनेट. शास्त्रज्ञ ते डीएमएसपी असे आखडून घेतात आणि वायूला डीएमएस म्हणतात. आम्हीही तेच करू. ही दोन्ही संशोधने जीवरसायनाच्या कपाटात राहिली. हवेचा हिशेब मांडणारे त्या कपाटाकडे फिरकले नाहीत आणि कपाटाच्या मालकांना हवेच्या हिशेबाची वार्ता नव्हती. एकाच इमारतीतील दोन शाखांची कागदपत्रे वीस-वीस वर्षे एकमेकांस भेटत नाहीत, हे आपण प्रत्यही पाहतोच.

त्यांची गाठ घालून दिली जेम्स लव्हलॉक यांनी. अत्यल्प प्रमाणातील वायू टिपणारी उपकरणे स्वतःच्या हाताने बनविणारा हा इंग्रज शास्त्रज्ञ कोणत्याही विद्यापीठाचा बांधील नव्हता. १९७१-७२ मध्ये ‘शॅकल्टन’ ही संशोधननौका ब्रिटनहून अंटार्क्टिकाकडे गेली. त्या प्रवासात घेतलेल्या समुद्रजलाच्या नमुन्यांत त्यांना डीएमएस ठिकठिकाणी आढळला. १९७२ साली लव्हलॉक, मॅग्ज आणि रासमुसेन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात ही वार्ता प्रसिद्ध केली आणि समुद्राकडून जमिनीकडे गंधक वाहून आणणारा वायू बहुधा हाच, असे सुचविले. प्रमाण किती? एका लिटर पाण्यात एका ग्रॅमच्या कोट्यंशाच्या आसपास. परंतु समुद्र अफाट असल्याने या कणाकणाची रास प्रचंड होते. पुढे आंद्रेए आणि रेमडाँक यांनी निरनिराळ्या समुद्रांतील मोजमापे एकत्र करून १९८३ साली या वायूचे जागतिक चित्र उभे केले. समुद्राच्या ज्या वासाने आमच्या मातोश्रींस घर आठवले, त्या वासातील एक प्रमुख घटक हाच वायू होय.

आता समुद्रातील जीव हा पदार्थ बनवितात तरी कशासाठी? येथे गंधकाच्या कथेत कर्बाची कथा मिसळते. डोळ्यांस न दिसणाऱ्या वनस्पतिप्लवकांची समुद्राच्या पृष्ठभागी दाट वस्ती असते. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने कर्बवायूपासून अन्न बनविण्याचे पृथ्वीवरील निम्मे काम हे सूक्ष्म जीव करतात. खाऱ्या पाण्यात राहावयाचे तर पेशीच्या आतही काही द्रव्य विरघळलेले असावे लागते, नाहीतर पेशीतील पाणी बाहेर ओढले जाईल. आपल्याकडे लोणच्याच्या फोडी मिठात सुकतात तोच प्रकार. या कामी अनेक प्लवक डीएमएसपीचा उपयोग करतात. प्रखर ऊन आणि थंडी यांपासूनही तो त्यांचे रक्षण करीत असावा. प्लवकांनी बांधलेल्या कर्बापैकी शेकडा एकापासून दहापर्यंत वाटा या एकाच पदार्थात गुंतलेला असतो, यावरून त्याचे महत्त्व कळून येईल.

प्लवक मरतो, विषाणूने फुटतो किंवा एखाद्या सूक्ष्म प्राण्याच्या तोंडी पडतो, तेव्हा हा साठा पाण्यात सांडतो आणि जीवाणूंची पंगत बसते. त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. पहिल्या वाटेने गेल्यास ते या पदार्थातील कर्ब आणि गंधक दोन्ही स्वतःच्या शरीरात सामावून घेतात. समुद्रात सर्वांत विपुल असलेल्या एसएआर-११ या जीवाणुकुळाला तर सल्फेटापासून आपले गंधक करून घेता येत नाही. तयार गंधकासाठी ते अशा पदार्थांवरच विसंबते, हे २००८ साली दिसून आले. दुसऱ्या वाटेने गेल्यास पदार्थाचे दोन तुकडे होतात आणि डीएमएस मोकळा होतो. बहुतांश माल पहिल्याच वाटेने जातो. जो डीएमएस मोकळा होतो, त्याचाही मोठा भाग जीवाणू खाऊन टाकतात किंवा सूर्यप्रकाश मोडून टाकतो. हवेत पोहोचतो तो अल्प अंश. म्हणजे समुद्रात कर्बाची वाटणी कशी होते यावर आकाशात गंधक किती जाणार हे अवलंबून आहे. समुद्राच्या तळाशीही हीच भागीदारी चालते. तेथील गाळात प्राणवायू संपला की काही जीवाणू सल्फेट घेऊन श्वसन करतात. किनाऱ्याजवळच्या गाळातील सेंद्रिय कर्बाचा निम्मा निकाल याच मार्गाने लागतो, असे डॅनिश शास्त्रज्ञ यॉर्गेनसेन यांनी १९८२ साली दाखविले. कर्ब आणि गंधक ही समुद्राच्या वहीत जोडखाती आहेत. एकाची नोंद दुसऱ्याशिवाय पुरी होत नाही.

आता पाण्यातून वर आकाशात जाऊ. कालिदासाने ‘मेघदूता’त मेघाच्या घटकांमध्ये पाणी, प्रकाश आणि वारा यांच्याबरोबर धूरही गणला आहे. त्याची ती दृष्टी काव्याची होती, पण शास्त्रानेही पुढे तेच सांगितले. निव्वळ स्वच्छ हवेत बाष्पाचे थेंब सहजासहजी होत नाहीत. त्यांना चिकटण्यासाठी सूक्ष्म कण लागतात. फ्रान्समध्ये कूलिए यांनी १८७५ साली आणि स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन यांनी १८८० च्या सुमारास हे प्रयोगाने सिद्ध केले. या कणांना मेघबीज म्हणता येईल. बीजे थोडी असली तर थेंब मोठे व विरळ होतात. बीजे पुष्कळ असली तर तेच पाणी अनेक बारीक थेंबांत वाटले जाते आणि मेघ अधिक शुभ्र दिसतो. शुभ्र मेघ अधिक सूर्यप्रकाश परतवितो. हे सूत्र शॉन टूमी यांनी १९७० नंतरच्या दशकात मांडले. जमिनीपासून दूर, मोकळ्या समुद्रावर ना धूळ ना धूर. मग तेथील मेघांना बीज कोण पुरवितो? डीएमएस हवेत गेला की त्याचे रूपांतर सल्फर डायऑक्साइडमध्ये आणि पुढे गंधकाम्लात होते आणि त्याचेच सूक्ष्म कण बनतात. समुद्रातील अदृश्य वनस्पती आकाशातील मेघांना बियाणे पुरवितात, असा याचा अर्थ झाला.

१९८३ साली ग्लेन शॉ यांनी या दिशेने एक कल्पना मांडली होती. १६ एप्रिल १९८७ च्या ‘नेचर’मध्ये चार्ल्सन, लव्हलॉक, आंद्रेए आणि वॉरन या चौघांनी ती पूर्णत्वास नेली. चौघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘क्लॉ’ सिद्धांत म्हणतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: समुद्र तापला, ऊन वाढले, की प्लवकांकडून अधिक डीएमएस निघावा, त्यामुळे अधिक बीजे, अधिक शुभ्र मेघ, कमी ऊन आणि समुद्र पुन्हा थंड. थंडी वाढली की याच्या उलट. पृथ्वीवरील जीवसृष्टी स्वतःचे हवामान स्वतःच सांभाळते, या लव्हलॉक यांच्या ‘गाया’ कल्पनेला यातून एक प्रत्यक्ष यंत्रणा मिळाली. आमच्या गावच्या भाषेत सांगावयाचे तर पृथ्वीला भरलेले कापरे हरण करणारा कंपहर समुद्रातच वास करीत होता.

कल्पना सुंदर होती. पण शास्त्रात सौंदर्य हा पुरावा धरीत नाहीत. पुढील पंचवीस वर्षे तिची उलटतपासणी चालली. टास्मानियातील केप ग्रिम येथील केंद्रावर एअर्स आणि ग्रास यांना १९९१ साली असे आढळले की मेघबीजांची संख्या आणि डीएमएसपासून बनणारे एक विशिष्ट अम्ल ही दोन्ही उन्हाळ्यात एकत्र वाढतात आणि हिवाळ्यात एकत्र घटतात. साक्ष अनुकूल होती. परंतु त्याच वर्षी अंटार्क्टिकातील व्होस्टोक येथील प्राचीन बर्फातून उलट साक्ष आली. तेच अम्ल हिमयुगातील बर्फात अधिक भरले. थंडीत मेघांचे बियाणे वाढत असेल तर तो रक्षक कसला, तो थंडीचाच साथीदार ठरतो! पुढे अन्य ठिकाणच्या बर्फाने या साक्षीवरही शंका घेतली. बर्फात साठलेले ते अम्ल कालांतराने घटू शकते असे दिसून आले. अखेर २०११ साली पॅट्रिशिया क्विन आणि टिमोथी बेट्स यांनी सर्व पुरावा एकत्र तपासून क्लॉ सिद्धांताच्या विरुद्ध निकाल दिला. समुद्रावर मेघबीजे केवळ गंधकापासून होत नाहीत. लाटांच्या तुषारांतील मीठ आणि सेंद्रिय कणही तेच काम करतात. शिवाय साखळीतील एक दुवा वाढला की पुढचा त्याच प्रमाणात वाढतो असे नाही. २०२० साली तर डीएमएसच्या हवेतील प्रवासात एक नवाच, पूर्वी न ओळखलेला मधला पदार्थ सापडला आणि जुनी गणिते पुन्हा मांडावी लागली. समुद्राचे गंधक मेघ घडवते, हे खरे ठरले. ते पृथ्वीला हमखास सावरून धरते, हे खरे ठरले नाही.

या इतिहासात आपल्या माणसांचा वाटा किती, हे जाणून घेण्याची उत्सुकता वाचकांस असेलच. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १ जानेवारी १९६६ ची. तेथील शेणॉय आणि पाटील यांनी संस्थेच्या पायथ्याशी असलेल्या जुवारीच्या मुखात डीएमएस आणि त्याची जननी यांचे काळानुसार होणारे चढउतार मोजून २००३ साली प्रसिद्ध केले. पावसाळ्याच्या अखेरीस गोव्याच्या किनाऱ्याजवळील खोल पाण्यात प्राणवायू जवळजवळ संपतो. कांदोळीसमोर या संस्थेने वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या आणि अशा गुदमरलेल्या पाण्यात डीएमएस असाधारण प्रमाणात साठतो, असेही तिच्या संशोधकांनी दाखविले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत (स्थापना १९६२) श्रीवर्धन हुलस्वार, अनूप महाजन आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी जगभरच्या समुद्रांतील मोजमापे गोळा करून डीएमएसचा सुधारित जागतिक नकाशा २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यानुसार समुद्रातून दर वर्षी सुमारे २ कोटी ७१ लाख टन गंधक या वायूच्या रूपाने हवेत जाते. १९७२ साली सस्पेन्स खात्यातून बाहेर निघालेल्या रकमेचा हा अद्ययावत ताळेबंद पुण्यात तयार झाला, ही गोष्ट आम्हांस विशेष समाधानाची वाटते.

गोव्याच्या संस्थेचा आणखी एक प्रयोग या संदर्भात सांगण्याजोगा आहे. समुद्राच्या काही भागांत प्लवकांना लोह कमी पडते. ते वरून घातले तर प्लवक वाढतील, हवेतील कर्बवायू शोषतील आणि मेल्यावर तो घेऊन तळाशी जातील, अशी अनेकांची आशा होती. २००९ च्या आरंभी भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक यांच्या नेतृत्वाखाली ‘पोलारस्टर्न’ या नौकेवरून दक्षिण महासागराच्या सुमारे ३०० चौरस किलोमीटर पट्ट्यात लोहाचे सल्फेट सोडले. प्रयोगाचे नाव ‘लोहाफेक्स’. त्यातील लोह आपल्याच भाषांतले. पर्यावरणाच्या प्रश्नावरून जर्मनीत इतका विरोध झाला की काही दिवस काम थांबले होते. प्लवक वाढले, पण सिकतेचे कवच करणाऱ्या जातींना लागणारे सिलिका त्या पाण्यात नव्हते. ज्या जाती वाढल्या त्या सूक्ष्म प्राण्यांनी फस्त केल्या आणि कर्ब फारसा तळाशी गेलाच नाही. अशा अन्य प्रयोगांत डीएमएस काही ठिकाणी वाढला, काही ठिकाणी वाढला नाही. समुद्र अर्जात लिहिल्याप्रमाणे वागत नाही, एवढा धडा मात्र सर्वांनाच मिळाला.

हा धडा आज महत्त्वाचा आहे. गेल्या शतकात मनुष्याने कोळसा आणि तेल जाळून समुद्राहून कितीतरी अधिक गंधक हवेत सोडले. त्याने फुप्फुसे बिघडली, अम्लवर्षा झाली. पण त्याबरोबरच मेघ शुभ्र होऊन थोडे ऊनही परतले आणि कर्बवायूने आणलेल्या तापाचा काही भाग झाकला गेला. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा शेकडा ३.५ वरून ०.५ वर आणण्यात आली. बंदरांतील माणसांच्या आरोग्यासाठी हे योग्यच झाले. परंतु जहाजांच्या मार्गांवर उमटणाऱ्या शुभ्र मेघरेषा विरळ झाल्या आणि झाकलेला ताप थोडा उघडा पडला. किती, याचे मोजमाप चालू आहे. आता काही लोक म्हणतात, मग मुद्दामच आकाशात गंधक शिंपडावे. क्लॉ सिद्धांताचा इतिहास वाचल्यावर आम्हांस या सूचनेची भीती वाटते. ज्या साखळीचे दुवे चाळीस वर्षे मोजूनही पुरे उलगडले नाहीत, तिला ओढून पाहण्याचा अधिकार कोणी घ्यावा? आणि ऊन अडविले तरी हवेतील कर्बवायू समुद्रात मुरून त्याचे पाणी अधिक अम्ल करीत राहणारच. ते खाते गंधकाने फिटत नाही.

आमच्या बिऱ्हाडाभोवती कावेरीच्या खोऱ्यातील भाताची शेते आहेत. येथील शेतकरी ऐन कार्तिकात पूर्वेकडे पाहतो, कारण त्याचा मुख्य पाऊस ईशान्येच्या वाऱ्याबरोबर उपसागरावरून येतो. आमच्या गावाकडे शेतकरी मृगात पश्चिमेकडे पाहत असतो. दोघांच्याही माथ्यावरचा मेघ समुद्रावरून येतो, आणि त्याच्या घडणीत डोळ्यांस न दिसणाऱ्या प्लवकांचा कणभर हात असतो. समुद्र आपल्याला आपोआप सांभाळून घेईल, हा भरवसा शास्त्राने काढून घेतला आहे. सांभाळण्याचे काम आपल्याकडेच राहिले आहे.

लव्हलॉक २६ जुलै २०२२ रोजी, आपल्या एकशे तिसाव्या नव्हे तर एकशे तिसऱ्या वाढदिवशी, निवर्तले. त्यांचा सिद्धांत टिकला नाही, पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाने समुद्र, जीवाणू आणि मेघ यांची दप्तरे कायमची एकत्र बांधली. वाचकांपैकी कोणी आज पोर्ट ब्लेअरला असेल, कोणी विशाखापट्टणम्‌ला, कोणी कोचीनला. संध्याकाळी किनाऱ्यावर गेल्यावर तो ओळखीचा वास आला आणि घराची आठवण झाली, तर त्या वासातील थोडा भाग वर जाऊन मेघ होणार आहे, हेही ध्यानात आणावे. मातोश्री परत गेल्या. जाताना तरंगंबाडीचे चार शिंपले त्यांनी पदरात बांधून नेले. रत्नागिरीच्या शिंपल्यांत ते मिसळून गेले असून आता कोणते कोठले हे त्यांनाही सांगता येत नाही, असे त्यांच्या पत्रात आहे.